मामाची कॅसेट आणि पन्नास हर्ट्झचा साक्षीदार

पेट, नेट, सेटच्या तयारीत असलेले बरेच जण मला एक प्रश्न विचारतात: "दादा, डेटा म्हणजे नेमकं काय? मुलाखतीत माणूस जे सांगतो तो डेटा, की मशीन जे मोजतं तो?" पुस्तकातलं उत्तर तुम्हाला पाठ असेलच. आज मी घरातली गोष्ट सांगतो. तिच्यात माझी एक चूकही आहे. ती लपवली तर या लेखाचा काही उपयोग नाही.

मागच्या दिवाळीत गोंदियाला घरी होतो. भाऊबीज झाली होती, गावोगावी मंडई भरत होती, आणि मामांनी कपाटातून एक कॅसेट काढली. मामा १९८०च्या दशकाच्या शेवटी मुंबईत शिकायला होते. हॉस्टेलच्या खोलीत त्यांना रॉक संगीताचा नाद लागला. पुढे गावी परतून राइस मिलचा धंदा सांभाळला, पण तो नाद काही सुटला नाही. कॅसेटच्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलं होतं: "रंगभवन, ऑगस्ट." बस, तेवढंच. वर्ष नाही.

ज्यांना रंगभवन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबईत धोबीतलावला, सेंट झेवियर्स कॉलेजच्या शेजारी, हे खुलं नाट्यगृह होतं. १९८०मध्ये 'द पोलिस' हा इंग्लंडचा बँड तिथे वाजवून गेला. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास तिथे भरू लागला. देशभरातले होतकरू बँड यायचे, बहुतेक जण परदेशी बँडची गाणी वाजवायचे, थोडे आपली स्वतःची. पुढे २०००चे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र ठरू लागला. रंगभवनाच्या एका बाजूला कॉलेज आणि जवळच रुग्णालय, त्यामुळे तिथले मोठे कार्यक्रम थांबले. म्हणजे जागा आहे, पण तिथला आवाज गेला. उरल्या त्या लोकांच्या आठवणी आणि अशा घरगुती कॅसेटी.

वाद

मामा आणि त्यांचे हॉस्टेलमधले मित्र (ते आता नागपूरला असतात, मी त्यांना काका म्हणतो) हे दोघेही त्या रात्री शेजारी शेजारी उभे होते. वाद दोन गोष्टींवर.

पहिली: शेवटचं गाणं. मामा म्हणतात, "त्यायनं ते गाणं मूळ रेकॉर्डपेक्षा एक सूर वर चढवून, पळवत वाजवलं. गायकाचा आवाज फाटायला आलता. शेवटी शेवटी बँड असा पेटला का इचारू नको." काकांना फोन केला तर ते म्हणाले, "छे! रेकॉर्डसारखंच वाजवलं. उलट गायक थकला होता."

दुसरी: पाऊस. मामा म्हणतात तो शेवटच्या गाण्यात सुरू झाला. काका म्हणतात, आपण व्ही.टी.कडे चालत निघालो तेव्हा.

मामांकडे कॅसेट होती. लावली. शेवटचं गाणं खरोखरच मूळ रेकॉर्डपेक्षा जवळपास अर्धा सूर वर आणि वेगात होतं. मामा विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहून म्हणाले, "आता बोल, भाचेराव!"

इथे बहुतेक जण थांबतील. आठवणीविरुद्ध रेकॉर्डिंग, रेकॉर्डिंग जिंकलं. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, मला एकच गोष्ट खटकली. गाणं वेगात वाजवलं तर ताल वाढतो, सूर वाढत नाही. इथे दोन्ही वाढलेले, आणि तेही एकाच प्रमाणात. हे बँडपेक्षा टेपचं लक्षण जास्त वाटतं.

टेपचा वेग कसा ओळखायचा?

कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या ठरलेल्या वेगाने सरकायला हवी. रेकॉर्ड करताना ती हळू सरकली आणि ऐकताना बरोबर वेगाने, तर सगळंच वर चढतं: सूर, ताल, टाळ्या, माणसांचं बोलणं. मामांनी रेकॉर्डिंग सेलवर चालणाऱ्या छोट्या रेकॉर्डरवर केलं होतं. सेल उतरत गेले की मोटर मंदावते. पण हे झालं अनुमान. पुरावा कुठे आहे?

पुरावा आवाजातच होता. वीज आपल्याकडे ५० हर्ट्झची. स्टेजवरचे गिटारचे अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर त्या विजेवर चालतात आणि बारीक गुणगुणतात. दोन गाण्यांच्या मधे, टाळ्या ओसरल्या की ती घुंई ऐकू येते. ५०च्या पटीतले सूरही तिच्यात असतात: १००, १५०, २००. छोट्या रेकॉर्डरचा माइक ५० हर्ट्झ नीट पकडत नाही, म्हणून मी १५०ची रेघ शोधली. मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा वर्णपट काढता येतो. एक नियम लक्षात ठेवा: जितका लांब तुकडा घ्याल तितकी वारंवारता बारीक मोजता येते. १० सेकंदांच्या तुकड्यात साधारण ०.१ हर्ट्झचा फरक कळतो, एका सेकंदाच्या तुकड्यात फक्त १ हर्ट्झचा.

कॅसेटच्या सुरुवातीला ती रेघ १५१.५वर होती. पहिली बाजू संपताना १५३वर. दुसऱ्या बाजूच्या शेवटी, मामांच्या त्या पेटलेल्या गाण्याच्या अलीकडे, १५९वर. म्हणजे ६ टक्के वर. आणि संगीतात अर्धा सूर म्हणजे जवळपास तेवढाच फरक, ५.९ टक्के. पाच मिनिटांचं गाणं अशा वेगात १७ सेकंद आधी संपतं.

थांबा, मोजपट्टी तरी बरोबर आहे का?

निकाल हाती आला की आपण खूश होतो. तोच क्षण धोक्याचा. मी स्वतःला तीन प्रश्न विचारले. तुम्हीही तुमच्या प्रत्येक निकालाला हे विचारा.

एक, माझा प्लेअरच वेगात चालतो का? दुकानातून घेतलेली एक जुनी कॅसेट त्याच प्लेअरवर लावली आणि तिची त्याच गाण्यांच्या सीडीशी तुलना केली. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत. म्हणजे प्लेअर निर्दोष.

दोन, वीज खरंच ५० हर्ट्झची होती का? हा प्रश्न मला फार उशिरा सुचला. आज ग्रिडची वारंवारता ४९.९ ते ५०.०५च्या अरुंद पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो. पण २००२मध्ये पश्चिम ग्रिडवर विजेच्या दराची नवी पद्धत लागू होण्याआधी ती ४८ ते ५२च्या दरम्यान हेलकावे खायची. म्हणजे माझी मोजपट्टीच लवचीक! ती ५२ धरली तर कॅसेट फक्त २ टक्के वेगात, ४८ धरली तर १० टक्के. त्यामुळे "६ टक्के" हा आकडा मी ठामपणे सांगू शकत नाही.

तीन, मग दुसरी मोजपट्टी आहे का? आहे. गिटार. मोकळ्या तारेचा सूर ग्रिडवर अवलंबून नसतो. गिटारवाल्याने गाण्यांच्या मधे मोकळी जाड तार छेडलेली बऱ्याच ठिकाणी ऐकू येते. तिचा सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत घुंईच्या रेघेबरोबरच, त्याच प्रमाणात चढत गेलेला. स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेने तारा तापतात तेव्हा सूर उतरतो, चढत नाही. आणि बँडने ठरवून सूर चढवला असता तर तो एकदम चढला असता, दीड तासभर हळूहळू नाही. शिवाय बँडने काहीही केलं तरी विजेची घुंई त्याच्याबरोबर चढायचं कारण नाही. दोन स्वतंत्र मोजपट्ट्या एकच गोष्ट सांगत होत्या: फीत हळूहळू मंदावत गेली होती.

निष्कर्ष असा की शेवटचं गाणं बऱ्यापैकी मूळ सुरातच वाजलं होतं. "शेवटी शेवटी बँड पेटला" यातला निदान काही भाग उतरत्या सेलचा होता.

मग मामांना ते आठवतं कसं?

मामा खोटं बोलत नव्हते. त्या रात्री ते गाणं त्यांनी एकदा ऐकलं. त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं ते कॅसेटवर ऐकत आले, मिलच्या ऑफिसात, गाडीत, घरी. आठवण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू नव्हे. दर वेळी काढताना ती थोडी नव्याने बनते, आणि मधल्या काळात जे कानावर पडलं ते तिच्यात मिसळतं. मामांच्या डोक्यातली ती रात्र आणि ती कॅसेट कधीच एक झाली होती. काकांकडे कॅसेटची प्रत नव्हती. म्हणून त्यांची आठवण निदान कॅसेटने बिघडलेली नव्हती.

मानसशास्त्रात यावर उत्तम काम झालेलं आहे. २८ जानेवारी १९८६ला 'चॅलेंजर' यान कोसळलं. दुसऱ्याच सकाळी उल्रिक नाइसर यांनी अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात १०६ विद्यार्थ्यांकडून ही बातमी कशी, कुठे कळली हे लिहून घेतलं. अडीच-पावणेतीन वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांची उत्तरं आधीच्या लेखाशी एकाही मुख्य मुद्द्यावर जुळली नाहीत, तरी बहुतेकांना स्वतःच्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद दाखवूनही जुनी आठवण परत आली नाही. खात्री आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वहीत लिहून ठेवा.

याच नाइसर यांचं १९८१चं काम आपल्या विषयाला आणखी जवळचं आहे. वॉटरगेट प्रकरणात जॉन डीन यांनी १९७३मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्याशी झालेल्या बैठकी आठवून साक्ष दिली. त्या बैठकींच्या गुप्त टेप होत्या, हे नंतर उघड झालं. नाइसर यांनी साक्ष आणि टेप शेजारी ठेवून तपासल्या. कोण कोणत्या शब्दांत काय म्हणालं, यात डीन अनेकदा चुकले होते. पण एकूण काय शिजत होतं, हे त्यांनी बरोबर सांगितलं होतं. म्हणजे आठवणीला सरसकट खोटी ठरवणं हीसुद्धा चूकच. तिला कोणता प्रश्न विचारायचा हे कळलं पाहिजे. "सूर किती होता?" हा प्रश्न कॅसेटला विचारा, तोही तपासून. "ती रात्र तुमच्यासाठी काय होती?" हे कॅसेट कधीच सांगणार नाही.

माझी चूक

आता ती चूक. काकांशी पहिला फोन झाला तेव्हा सवयीने मी वहीत तारीख टाकून त्यांची वाक्यं जशीच्या तशी लिहून घेतली. नंतर कॅसेट संगणकावर उतरवली आणि दिवाळीची भेट म्हणून ती फाइल काकांना पाठवली, वेग दुरुस्त न करता. तेव्हा मी घुंई मोजलीही नव्हती.

दोन आठवड्यांनी त्यांचाच फोन. "अरे, तुझा मामा बरोबर होता. वरच वाजवलं होतं त्यांनी. आता मला चांगलं आठवतंय."

माझ्या पोटात गोळा आला. कॅसेटचा वारा न लागलेला एकच साक्षीदार माझ्याकडे होता, आणि त्याला मीच बिघडवलं. वहीतलं ते पान नसतं तर काकांचं मूळ म्हणणं कायमचं गेलं असतं, आणि मी लिहिलं असतं: "दोन्ही साक्षीदार आणि रेकॉर्डिंग, तिघांचं एकमत." कागदावर इतका भक्कम दिसणारा पुरावा, आणि मुळात एकाच मंदावलेल्या फितीचे तीन पडसाद! तीन साक्षी एकमेकांपासून स्वतंत्र नसतील तर ती एकच साक्ष असते.

म्हणून क्षेत्रकार्याला जाणार असाल तर क्रम पाळा: आधी आठवण विचारा, लिहून घ्या, तारीख टाका. फोटो, कॅसेट, कात्रण त्यानंतर दाखवा.

रेकॉर्डिंगचीही वंशावळ असते

हे काम काटेकोरपणे कोण करतं माहितेय? रॉकचे चाहतेच. अमेरिकेतल्या 'ग्रेटफुल डेड' या बँडने तीस वर्षांत सुमारे २,३०० कार्यक्रम केले आणि चाहत्यांना रेकॉर्ड करायला मोकळीक दिली. १९८४पासून तर रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखली. हे चाहते कॅसेटी विकत नसत, अदलाबदल करत. प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत ते वंशावळ लिहीत: माइक कोणता, कुठे उभं राहून घेतलं, मूळ फीत की तिची प्रत, प्रत असेल तर कितवी, संगणकावर कधी आणि कशी उतरवली. दर प्रतीला फितीची खरखर वाढते, म्हणून पिढी मोजणं गरजेचं. तुमच्या प्रबंधातलं "डेटा कुठून आला" हे प्रकरण यापेक्षा वेगळं नाही.

त्यांच्याकडूनच एक सावधगिरीही शिकता येते. या बँडची ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातली रात्र अनेक चाहते सर्वोत्तम मानतात. तिचं रेकॉर्डिंग अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय यादीतही गेलं. पण चाहत्यांतच जुना वाद आहे: ती रात्र खरंच सर्वोत्तम होती, की तिची टेप फार स्वच्छ होती आणि फार लोकांपर्यंत पोचली, म्हणून तशी वाटते? आपण जे टिकलं त्यालाच उत्तम म्हणतो का?

मुंबईतलंही असंच आहे. १९७२मध्ये 'लेड झेपेलिन'चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी तिथे भारतीय वादकांसोबत दोन गाणी रेकॉर्ड केली. ती २०१५मध्ये अधिकृतपणे बाहेर आली, आज कुणीही ऐकू शकतं. त्याच भेटीत ते कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या क्लबात वाजवून गेले. ती रात्र आपल्यापर्यंत मुख्यतः तिथे असलेल्यांच्या सांगण्यातून येते. एका घटनेचा पुरावा फितीवर, दुसरीचा माणसांत. म्हणून दुसरी कमी खरी होत नाही, फक्त तपासायची रीत बदलते.

आणि पाऊस?

पावसाचा निकाल लागला नाही. फितीवर शेवटच्या गाण्यात काहीतरी सळसळ आहे. पण पावसाचा आणि टाळ्यांचा वर्णपट अशा रेकॉर्डरवर जवळपास सारखाच पसरट दिसतो. कुलाबा वेधशाळेच्या नोंदी बघता येतील, पण त्यासाठी वर्ष हवं, आणि मामांनी ते लिहिलं नाही. वर्ष मिळालं तरी जपून. हवामान खात्याचा दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, आधीच्या २४ तासांचा. १५ तारखेच्या रात्रीचा पाऊस १६ तारखेच्या रकान्यात सापडतो. आणि तो आकडा पाऊस पडला हे सांगतो, नेमका कोणत्या गाण्याला ते नाही.

"माहीत नाही" हाही निष्कर्षच असतो. प्रबंधात तो लिहायला लाजू नका.

मामांना सांगताना

सगळ्यात अवघड भाग हाच होता. आलेख दाखवला, समजावलं. मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंग का ती रात खोटी होती का रे?"

मी म्हटलं, "नाही मामा. तुम्ही तिथे होता, ते खरं. तुम्ही दोघं पावसात भिजलात, ते खरं. फक्त सेल उतरले होते."

मग त्यांना वेग दुरुस्त केलेली फाइल लावून दिली. शेवटचं गाणं खालच्या सुरात, जरा सावकाश. मामा डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "थकला होता वं गायक. काका बरोबर म्हणतो." आणि गाणं संपल्यावर, "पण ते जुनंबी पुसू नको. तीस वरसं तेच आयकलं ना."

पुसणार नव्हतोच. संग्रहाचा पहिला नियमच तो: मूळ उतरवलेली फाइल जशीच्या तशी ठेवायची, दुरुस्ती वेगळ्या फाइलमध्ये करायची, आणि काय दुरुस्त केलं ते सोबत लिहायचं. आता दोन्ही फाइली एका फोल्डरमध्ये आहेत. सोबत एक कागद: रेकॉर्डर सेलवरचा, मूळ फीत, प्लेअर तपासलेला, वर्ष अज्ञात, काकांचं पहिलं म्हणणं तारखेसह, दुसरंही तारखेसह.

तुमच्या घरीही अशी एखादी कॅसेट असेल. रॉकचीच असेल असं नाही. आपल्या झाडीपट्टीत मंडईतली दंडार, रात्रभर चाललेलं नाटक, आजोबांचं भजन, काहीही. संशोधनाचा सराव तिथूनच करा. पण फीत प्लेअरमध्ये घालण्याआधी घरातल्या मोठ्यांजवळ वही-पेन घेऊन बसा, आणि विचारा, तुम्हाला काय आठवतं. नंतर विचारलंत तर उत्तर मिळेल, पण ते कुणाचं हे कळणार नाही.